पत्रिका जुळली, प्रकृतीचे काय?

तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रात माणसांच्या लग्नांची धांदल सुरू होते. मंगल कार्यालये कितीतरी आधीपासून राखून ठेवलेली असतात, आचाऱ्यांना सवड नसते आणि सराफांच्या पेढीवर उभे राहावयास जागा नसते. त्याआधीचे काही महिने दोन्ही घरांत चौकशा चालू असतात. मुलाची नोकरी कायम की कंत्राटी, हाती पगार किती पडतो, गावाकडची शेती बागायती की जिरायती, राहते घर स्वतःचे की कर्जाचे, मुलीचे शिक्षण किती, ती नोकरी पुढे चालू ठेवणार काय, गोत्र कोणते, देवक कोणते, नाडी कोणती, यांपैकी एकही बाब नजरेतून सुटत नाही. मध्यस्थामार्फत, शेजाऱ्यांमार्फत, कचेरीतील सहकाऱ्यांमार्फत माहिती काढली जाते. व्यवहारात सावध असलेल्या समाजाने घेतलेली ही खबरदारी गैर आहे, असे कोणी म्हणणार नाही. तथापि या साऱ्या चौकशीतून एक विषय कटाक्षाने वगळला जातो, आणि तो म्हणजे वधूवरांचे प्रजननविषयक आरोग्य व त्यासंबंधीचे त्यांचे ज्ञान.

हे मौन अधिकच विसंगत वाटते ते एका कारणासाठी. विवाहाचे प्रमुख प्रयोजन संतती हेच आपल्या परंपरेने मानले आहे. वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादात संतती असते, नववधूची ओटी भरताना संततीची कामना असते आणि लग्नास वर्ष उलटते न उलटते तोच ‘काही विशेष?’ हा प्रश्न येताजाता विचारला जातो. ज्या गोष्टीची एवढी आस, तिच्याविषयीचे साधे शास्त्रीय ज्ञान मात्र ना घरात मिळते, ना शाळेत, ना महाविद्यालयात. बाजारात दोन मटक्यांतले एक घेताना ते वाजवून पाहणारा माणूस आयुष्यभराच्या या करारात संपूर्ण अज्ञानाने उतरतो. अज्ञानातून घडणाऱ्या प्रत्येक व्यवहाराची किंमत कोणाला ना कोणाला मोजावीच लागते. ती येथे कोण मोजतो, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

अज्ञानाची व्याप्ती

पदवीधर वधूवरांनासुद्धा मासिक ऋतुचक्रात गर्भधारणेचा काळ नेमका कोणता, हे सांगता येत नाही. पाळीच्या लगतचे दिवस गर्भधारणेस अनुकूल असतात असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाहेर पडते आणि जास्तीत जास्त एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे महिन्यातून जेमतेम सहा दिवस गर्भधारणा संभवते. निरोगी व तरुण जोडप्यांतही एखाद्या महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता चार-पाचांत एक इतकीच असते. वर्षभरात मात्र शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जोडप्यांना दिवस जातात. म्हणूनच नियमित शरीरसंबंध असूनही बारा महिन्यांत गर्भधारणा न झाल्यास त्यास वंध्यत्व म्हणावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. ही एवढी माहिती नसल्यामुळे तीन-चार महिन्यांत धीर सोडून तीर्थक्षेत्रे आणि दवाखाने यांच्या फेऱ्या सुरू करणारी जोडपी आहेत; आणि छत्तिसाव्या वर्षी लग्न करून ‘दोन-तीन वर्षे थांबू’ म्हणणारीही आहेत.

दुसऱ्या गटाचे अज्ञान अधिक महाग पडते. स्त्रीच्या शरीरात बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. तो वयाबरोबर घटत जातो आणि पस्तिशीनंतर घटीचा वेग वाढतो. शिक्षण, नोकरी, घरासाठीचे कर्ज या कारणांनी शहरांत विवाहाचे वय वाढले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मुलींनी त्यासाठी शिक्षण सोडावे असे सुचविणे प्रतिगामीपणाचे ठरेल. परंतु निर्णय लांबणीवर टाकणाऱ्याला त्या निर्णयाची किंमत ठाऊक असली पाहिजे. ती ठाऊक असूनही लांबणीवर टाकणे हे स्वातंत्र्य होय. ठाऊक नसताना टाकणे ही फसगत होय.

याच राज्यात दुसरे टोकही आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेली होती. परभणी आणि बीड या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते. त्याच पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या शरीरात रक्त कमी असल्याचे दिसून आले. ज्या मुलीची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नाही आणि जिच्या अंगात पुरेसे रक्त नाही, तिच्याकडून घरातील सर्वजण वर्षाच्या आत पाळणा हलण्याची अपेक्षा धरतात. मुंबई-पुण्यातील उशिराचे लग्न आणि मराठवाड्यातील घाईचे लग्न ही एकमेकांच्या विरुद्ध टोके वाटली, तरी दोन्हीकडे अज्ञान एकच आहे.

आरंभी मूल नको असलेल्या जोडप्यांचीही स्थिती समाधानकारक नाही. गोळ्यांनी किंवा तांबीने कायमचे वांझपण येते ही भीती इतकी खोलवर रुजलेली आहे की, नवविवाहित स्त्री कोणतेच साधन वापरावयास धजत नाही. शास्त्र याच्या उलट सांगते. ही साधने थांबविल्यावर गर्भधारणेची क्षमता पूर्ववत होते. भीतीपोटी साधन नाकारायचे आणि नको असताना दिवस गेले की औषधाच्या दुकानातून गुपचूप गोळ्या आणावयाच्या, हा क्रम किती सार्वत्रिक आहे याची कल्पना एका आकड्यावरून येते. २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज ‘लान्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश गर्भपात रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. १९७१ च्या कायद्याने गर्भपातास सनदशीर मार्ग मोकळा केल्याला चार दशके लोटल्यानंतरची ही परिस्थिती आहे.

नाडीची जागा रक्तगटाने घेतली

सुशिक्षित घरांत आता पत्रिकेबरोबर रक्तगटही विचारला जातो, आणि यास प्रगती मानण्याचा मोह होतो. परंतु विचारणाऱ्याचा हेतू पाहिला तर निराशाच पदरी पडते. ‘एक नाड’ असेल तर संतती होत नाही, या जुन्या समजुतीला आता ‘दोघांचा रक्तगट एकच असेल तर मूल होत नाही’ असे रूप मिळाले आहे. या समजुतीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. दोघांचा गट एक असणे ही मुळीच काळजीची बाब नव्हे. पाहावयाचे असते ते एवढेच की, स्त्री आर-एच निगेटिव्ह आणि पुरुष आर-एच पॉझिटिव्ह आहे काय. तसे असले तरी लग्न मोडण्याचे कारण नाही. गरोदरपणात व प्रसूतीनंतर योग्य वेळी एक इंजेक्शन घेतले की पुढच्या अपत्याला संभवणारा धोका टळतो. ज्योतिषाने जी भीती घातली, तीच विज्ञानाचा अंगरखा चढवून पुन्हा घरात शिरली आहे आणि चांगली स्थळे तिच्यापायी मोडत आहेत.

ज्याची चौकशी खरोखरच व्हावयास हवी, ते मात्र कोणी विचारीत नाही. थॅलेसेमियाचा वाहक असलेली व्यक्ती स्वतः निरोगी असते. तिला त्याचा पत्ताही नसतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर मात्र प्रत्येक गर्भारपणात चारांत एक या प्रमाणात मूल व्याधिग्रस्त होण्याची शक्यता असते, आणि अशा मुलाला जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. सिंधी, पंजाबी, गुजराती यांसारख्या काही समाजांत या व्याधीच्या वाहकांचे प्रमाण अधिक आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हीच गोष्ट सिकलसेलची आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत राज्याच्या काही भागांत आजही मानाची समजली जाते. परंतु आतेमामे भावंडांच्या वारशातील आठवा हिस्सा समान असतो, आणि दडलेला दोष दोन्हीकडून एकत्र येण्याचा संभव त्यामुळे वाढतो, हे सांगणारा कोणी नसतो.

काही खबरदारी तर अशी आहे की ती लग्नानंतर, दिवस गेल्यावर घेऊन उपयोग नसतो. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून घ्यावी लागते; कारण गर्भाचा मज्जारज्जू ज्यापासून घडतो ती नलिका गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. त्या वेळी बहुसंख्य स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. रुबेलाची लस गरोदरपणात देता येत नाही. ती आधी घेऊन महिनाभर थांबावे लागते. या दोन्ही गोष्टींचा खर्च किती? लग्नाच्या वरातीत एका वळणावर उडविल्या जाणाऱ्या फटाक्यांच्या पैशांत दोन्ही सहज बसतील.

किंमत मोजते ती स्त्री

अज्ञानाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. १९८९ साली डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष ‘लान्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर खळबळ उडाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक रोग होता. आणि पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. कुटुंबनियोजनाची आकडेवारी गोळा करणाऱ्या यंत्रणेने ज्या स्त्रियांच्या दारात वर्षानुवर्षे खेटे घातले, त्यांच्या दुखण्याची विचारपूस तिने केली नव्हती, हा त्या अभ्यासाचा अर्थ होता. पुढे तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या ‘पिशव्या’ तरुण वयात काढून टाकल्या जात असल्याचा प्रकार गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पाणी जाणे, पाळीच्या वेळी पोटात दुखणे यांवर साधे औषधोपचार असतात, हे ज्या स्त्रीला कोणी सांगितलेले नसते, तिला कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रियेच्या मेजावर नेणे कठीण जात नाही.

मूल न होण्याचा बोल तर स्त्रीलाच लागतो. ‘वांझ’ या शब्दाला मराठीत पुल्लिंगी जोड सहजासहजी आठवत नाही, यातच समाजाचे मन दिसून येते. वैद्यकशास्त्राचा निर्वाळा असा की, जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष हा एकटा किंवा स्त्रीतील दोषासह कारणीभूत असतो. तंबाखू, मद्य, उपचाराविना राहिलेले गुप्तरोग, वयात आल्यानंतर झालेला गालगुंडाचा आजार, आणि अलीकडे शरीर कमावण्यासाठी व्यायामशाळांतून घेतली जाणारी संप्रेरकांची इंजेक्शने यांचा परिणाम शुक्रजंतूंवर होतो. यातील हिशेब पाहण्यासारखा आहे. वीर्यतपासणी ही साऱ्या तपासण्यांत स्वस्त, बिनवेदनेची आणि तासाभरात होणारी. स्त्रीच्या बीजवाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्याच्या तपासण्या महाग, दुखऱ्या आणि कधी भूल देऊन कराव्या लागणाऱ्या. कोणताही शहाणा व्यवस्थापक स्वस्त तपासणी आधी करील. परंतु कितीतरी कुटुंबांत स्त्रीच्या सर्व तपासण्या, दोन-तीन डॉक्टर आणि तितकेच बुवा झाल्यावर पुरुषाची पाळी येते; कित्येकदा येतच नाही. पुरुषी अभिमान राखण्यासाठी कुटुंब पैसा व वर्षे दोन्ही घालविते, आणि त्यांतील वर्षे परत मिळत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे सहांपैकी एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. भारतात बीजवाहिन्यांचा क्षय हे त्याचे एक मोठे कारण असून तो वेळीच ओळखला तर औषधाने बरा होतो. उशिरा ओळखला गेला की कृत्रिम गर्भधारणेवाचून मार्ग उरत नाही. हे तंत्र १९८६ साली मुंबईत महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यशस्वी करून दाखविले. सार्वजनिक रुग्णालयात रुजलेल्या या रोपाची फळे आज मुख्यतः खाजगी बाजारात विकली जातात. एका प्रयत्नाचा खर्च लाख-दोन लाखांच्या घरात जातो. तो सफल होईलच याची हमी नसते, आणि स्त्रीचे वय वाढलेले असेल तर ती आणखी कमी होते. आरोग्यविम्याच्या बहुतेक प्रचलित योजनांत हा उपचार वगळलेला असतो. ‘आयुष्मान भारत’मध्येही तो बसत नाही. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार मोफत देण्यास आरंभ केला, हे पाऊल अनुकरणीय आहे. परंतु वेळीच मिळालेल्या माहितीने जे टळले असते, त्यासाठी दागिने मोडणे, शेत गहाण टाकणे हे प्रकार केवळ मोफत उपचाराने थांबणारे नाहीत.

शासनाचे लक्ष संख्येवर

महाराष्ट्राला या विषयात परंपरा नाही असे मुळीच नाही. विल्सन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यांना नोकरी सोडावी लागली, त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांचा बचाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. कर्व्यांचा आग्रह लोकसंख्या कमी करण्यापुरता नव्हता. स्त्रीपुरुषांना आपल्या शरीराचे ज्ञान असावे आणि त्या ज्ञानाच्या आधारे त्यांनी सुखाने जगावे, असा तो होता.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा या विचाराचा निम्माच भाग उचलला गेला. संख्या राहिली, स्वास्थ्य मागे पडले. आणीबाणीत तर या धोरणाने कळस गाठला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या सक्तीची प्रतिक्रिया अशी झाली की पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ नाहीसाच झाला. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आहे. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर, १९९६ मध्ये, साधनवार उद्दिष्टे ठरवून देण्याची पद्धत शासनाने सोडली खरी. पण संख्येची सवय सुटली नाही.

याचा एक बोलका पुरावा आहे. नवविवाहित जोडप्यांना माहितीपत्रके व साधने असलेला संच ‘आशा’ कार्यकर्तीने घरी नेऊन द्यावयाचा, अशी योजना केंद्राने २०१६ च्या ‘मिशन परिवार विकास’मध्ये आखली. कल्पना उत्तम होती. परंतु त्यासाठी निवडलेले १४६ जिल्हे जननदर तीन किंवा त्याहून अधिक असलेल्या सात राज्यांतील होते. महाराष्ट्राचा जननदर पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता, म्हणजे दोन माणसांच्या जागी दोन माणसेही येत नाहीत. संख्येच्या परीक्षेत राज्य उत्तीर्ण झाले, म्हणून येथील नववधूला संच नको, असा त्या निवडीचा अर्थ होतो. जननदर कमी झाला म्हणजे प्रजननाचे आरोग्य सुधारले असे मानणे हे, पीक कमी आले म्हणून जमिनीचा कस वाढला असे मानण्यासारखे आहे.

सक्ती नको, माहिती हवी

यावर एक झटपट उपाय सुचविला जातो, तो म्हणजे विवाहपूर्व वैद्यकीय तपासणी कायद्याने सक्तीची करण्याचा. हेतू चांगला असला तरी हा उपाय घातक आहे. तपासणीचा कागद मुलाकडच्यांच्या हाती पडला की तो हुंड्याच्या यादीसारखा वापरला जाणार, हे समाजाचा व्यवहार जाणणाऱ्या कोणासही कळेल. मुलीच्या बीजसाठ्याचा आकडा पगाराच्या आकड्याशेजारी मांडला जाईल आणि मुलाची तपासणी ‘कशाला उगाच’ म्हणून टळेल. शिवाय अशा तपासण्यांवरून मूल होईल की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. लग्न मात्र खात्रीने मोडते. एड्सच्या विषाणूसंबंधी हा वाद एकदा झालेला आहे. बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले. २००२ मध्ये त्याच न्यायालयाने ती विधाने अनावश्यक ठरविली. आणि २०१७ च्या कायद्याने समजून दिलेल्या संमतीवाचून ही तपासणी करण्यास मनाई केली.

मध्यम मार्ग उपलब्ध आहे व तो अनुभवाने सिद्ध झालेला आहे. सायप्रस या लहानशा बेटावर थॅलेसेमियाची समस्या फार मोठी होती. तेथील चर्चने १९८० च्या दशकात लग्नापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागण्यास सुरुवात केली. परंतु त्या प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसे. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला, एवढीच नोंद असे. निकाल त्या दोघांचा, निर्णयही त्या दोघांचा. बहुसंख्य जोडप्यांनी लग्ने मोडली नाहीत, गर्भारपणात योग्य ती तपासणी करून घेतली, आणि तरीही नव्या रुग्णांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. २०२३ मध्ये भारतात सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेतही वधूवरांनी आपापली कार्डे ताडून पाहावीत अशी योजना आहे. ती स्तुत्य आहे. फक्त त्या कार्डाची नवी पत्रिका होऊन वाहक मुलींची स्थळे फिरू नयेत, यासाठी कार्डाबरोबर समजावून सांगणारा माणूसही दिला पाहिजे.

अशा शिक्षणाने तरुण पिढी बिघडेल, हा आक्षेप जुनाच आहे. २००७ मध्ये याच आक्षेपापुढे मान तुकवून राज्य शासनाने शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबविला होता. शाळकरी मुलांविषयी मतभेद असू शकतील, असे क्षणभर गृहीत धरले तरी, ज्यांच्या लग्नाची तारीख दोन्ही घरांनी मिळून ठरविली आहे, त्यांना हे ज्ञान देण्याने कोणती नीती ढासळते? गोव्यातील व वसईतील कॅथलिक समाजात विवाहापूर्वी वधूवरांना तयारीचा वर्ग करावा लागतो. धर्मसंस्थेला जे वावगे वाटत नाही, ते शासनाला वाटावे याचे नवल आहे.

शासनाने करावयाच्या गोष्टी खर्चिक नाहीत. १९९८ च्या राज्याच्या अधिनियमानुसार प्रत्येक विवाहाची नोंदणी आवश्यक आहे. गावात ग्रामपंचायतीत व शहरात पालिकेच्या कार्यालयात नोंदणी करावयास जोडपे येते. विशेष विवाह कायद्याखाली तर तीस दिवसांची सूचनाही द्यावी लागते. तेथे सोप्या मराठीतील सोळा पानांची पुस्तिका हाती देता येईल. मात्र नोंदणी बहुधा लग्नानंतर होते, म्हणून एवढ्यावर थांबून चालणार नाही. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दुपार वाग्दत्त वधूवरांसाठी राखून ठेवावी. तेथे दोघांनाही एकत्र, गुप्ततेची हमी देऊन, सल्ला मिळावा. रक्तातील लोह, आर-एच गट, थॅलेसेमिया व सिकलसेल यांच्या तपासण्या मोफत व्हाव्यात. रुबेलाची लस आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या द्याव्यात. सामुदायिक विवाहांना शासन अनुदान देते. तेथे जोडप्यांची नावे आधीच ठरलेली असतात, तेव्हा आरंभ तेथूनच करता येईल. पुरुषांशी बोलण्यासाठी पुरुष कार्यकर्ता नेमावा. ‘आशा’च्या डोक्यावर आणखी एक ओझे टाकून हे काम होणार नाही. महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षात डॉक्टरांची चार व्याख्याने ठेवण्यास तर नव्या पैचीही तरतूद लागू नये.

समाजाकडेही काही काम उरते. वधूवर सूचक मंडळांनी आपल्या नावनोंदणीच्या अर्जात रास आणि नाडी यांचे रकाने ठेवले आहेत. मेळाव्याच्या दिवशी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला तासभर बोलावणे त्यांना अवघड जाऊ नये. मुलाच्या आईने सुनेला ‘काही विशेष?’ विचारण्यापूर्वी मुलाची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. आणि ज्या दोघांना संसार करावयाचा आहे, त्यांनी साखरपुडा ते लग्न या काळात मूल केव्हा हवे, हवे की नको, आणि झाले नाही तर काय, या तीन प्रश्नांवर एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे. दत्तक हा शब्दही त्याच वेळी उच्चारला गेला तर पुढची पुष्कळ कडवट वर्षे वाचतील.

कर्व्यांनी आपले केंद्र उघडले तेव्हा शासन विरोधी होते, समाज विरोधी होता आणि औषधेही हाताशी नव्हती. आज औषधे आहेत, तपासण्या आहेत, कायदा अनुकूल आहे आणि रुग्णालयांच्या इमारती तालुक्या-तालुक्याला उभ्या आहेत. शंभर वर्षांनंतरही या राज्यातील नवविवाहित मुलगी आपल्या शरीराची पहिली माहिती दवाखान्याच्या बाकावर, सासूच्या शेजारी बसून, भीतीने मिळवीत असेल, तर दोष साधनांचा नाही. येत्या लग्नसराईपूर्वी निदान प्रत्येक तालुक्यात एक दुपार या कामासाठी राखून ठेवण्याचा आदेश सार्वजनिक आरोग्य विभागाला काढता येण्यासारखा आहे. त्याला ना नवा कायदा लागतो, ना नवी इमारत.